तीस बाय तीस

शांतवनकाकांसमोर ‘सोडून द्या’ हे दोन शब्द उच्चारायचे नाहीत, हे भिंगारच्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे. काकांचं कुणाशी तरी वाजलेलं असतं, बहुतेक वेळा दुकानासमोर गाडी लावण्यावरून. एखादा भला माणूस मध्ये पडतो आणि म्हणतो, “जाऊ द्या काका, सोडून द्या.” झालं. मूळ भांडण बाजूला राहतं आणि काका त्या भल्या माणसाकडे वळतात.

“सोडून? कुठं सोडून? वड्यात का तळ्यात? आन तिथं त्याची पिल्लं झाली म्हंजी कोन निस्तरनार, तुमी?”

भला माणूस गाडीकडे बघतो, काकांकडे बघतो आणि काढता पाय घेतो. गाडीला पिल्लं कशी होतील, हे त्याला घरी गेल्यावरही कळत नसणार.

काकांचं माशांचं दुकान आहे. खायच्या नव्हे, बघायच्या माशांचं. त्याला लागूनच माझं झेरॉक्स, टायपिंग आणि लॅमिनेशनचं दुकान. मधली भिंत अर्धी विटांची आणि अर्धी प्लायवूडची, त्यामुळे त्यांच्या पंपांची बुडबुड मला आणि माझ्या प्रिंटरची खरखर त्यांना दिवसभर ऐकू येते. मी स्वभावाने तुसडी आहे असं आमच्या घरात म्हणतात. मी त्याला काटेकोर म्हणते. माझ्या हातून टायपिंगची चूक होत नाही. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा पंचक्रोशीतल्या निम्म्या संस्थांची लेटरहेडं मी बदलून दिली, पण एकाही कागदावर जुनं नाव चुकून राहिलं नाही. ही बढाई आहे, आणि ती मी बरीच वर्षं मारत आले.

काका लष्कराच्या डेपोतून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी नट-बोल्ट मोजून दिले आणि मोजून परत घेतले. मग हे दुकान टाकलं, पण डोक्यातला डेपो काही बंद झाला नाही. त्यांच्याकडे मासा विकला जात नाही, ‘इश्यू’ होतो. गोगलगायीला ते ‘मेंबर’ म्हणतात. आणि चहात साखर कमी पडली तरी “विषय गंभीर हाय” असं म्हणून कप खाली ठेवतात.

मध्यंतरी या गोगलगायींची फार टूम निघाली. पोरंपोरी मोबाईलवर बघायची आणि येऊन विचारायची, पिवळी आहे का, निळी आहे का, ते छोटे शिंपले आहेत का. पिवळीधमक, लिंबाएवढी गोगलगाय काचेवरून चालत जाते आणि मागे काच लख्ख होते, हे बघायला मलाही आवडायचं. कुणी दुसरा असता तर त्याने धडाधड विकल्या असत्या. काकांनी अर्ज काढला.

होय, गोगलगाय घ्यायची तर अर्ज भरायचा. तीन पानी. तो मीच टाइप केला. अर्जदाराचे नाव, पत्ता, घर स्वतःचे की भाड्याचे, टाकीचे माप, टाकी झाकलेली आहे काय, पाणी कधी बदलता, आपण परगावी गेल्यास मेंबरकडे कोण पाहील. शेवटी प्रतिज्ञा: ‘सदर गोगलगाय मी कोणताही ओढा, नाला, नदी, विहीर, तलाव, धरण, कालवा, हौद अथवा गटार यांत सोडणार नाही.’ गटार नंतर घातलं, कारण एका गिऱ्हाइकाने गटाराचा मुद्दा काढून काकांशी वाद घातला होता. त्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या. पहिली साक्षीदार कायम मी, दुसरे समोरचे टेलर. मी एकदा म्हटलं, “काका, घराच्या कर्जाचा अर्ज याच्यापेक्षा सुटसुटीत असतो.” काका म्हणाले, “घर चालत चालत वड्याला जात न्हाई, ताई.”

कॉलेजातली एक मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गोगलगाय न्यायला आली होती. तिला काकांनी विचारलं, “मैतरीन हॉस्टेलला ऱ्हाते? मंग परीक्षा झाल्यावर मेंबर कुनाकडं?” मुलगी म्हणाली, बघू. काकांनी तिला गोगलगाय न देता एक टेडी बेअरचं दुकान दाखवून दिलं.

ज्यांना नेलेला जीव नकोसा होई त्यांच्यासाठी दुकानाच्या दारात एक निळं पिंप होतं. त्यावर काकांनी पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं: ‘पेन्शनर’. इथे आणून द्या, कारण विचारलं जाणार नाही. कारण अर्थातच विचारलं जायचं, पाऊण तास.

एकदा मी चिडून विचारलं की एका गोगलगायीपायी एवढा जिवाचा आटापिटा कशाला. तेव्हा त्यांनी स्टूल ओढून मला नीट समजावलं.

“ताई, इथली गोगलगाय इथली हाय. तिला खानारे पक्षी ठरलेले, तिची जागा ठरलेली. ही पिवळी लई लांबची, समुद्रापल्याडची. हिला इथं वळखनारं कोन न्हाई, म्हंजी खानारं कोन न्हाई. ही खात ऱ्हानार आन वाढत ऱ्हानार. आन आपल्या पब्लिकच्या डोक्यात बसलंय की पान्यात सोडलं म्हंजी पुन्य. गनपती सोडा, दिवा सोडा, निर्माल्य सोडा. डासांसाठी गप्पी मासे तर सरकारच सोडतंय. मंग पब्लिक गोगलगाय बी सोडतंय, हात जोडून.”

त्यातही दोन जाती, असं त्यांनी सांगितलं. दिसायला सारख्याच, दोघी पाण्याबाहेर येऊन अंडी घालतात. फिकट बदामी अंडी घालते ती गरीब, काच चाटून राहते. भडक गुलाबी अंडी घालते ती पिकावर उठते, भाताची कोवळी रोपं रात्रीतून साफ करते. “आपला होलसेलवाला गरीब जात पाठवतो,” काका म्हणाले. “खोक्यावर लिहिलेलं असतंय.” डेपोत आयुष्य काढलेल्या माणसाचा खोक्यावरच्या लिहिण्यावर विश्वास असतो.

तर मार्चमध्ये एक दिवस सुप्याकडचे दत्तूभाऊ आले. कांदा-डाळिंबवाले, अर्ज भरण्यात मुरलेले. त्यांनी आठ गोगलगायी मागितल्या आणि कुरकुर न करता तिन्ही पानं भरून दिली. अर्ज पाहून काका हरखलेच. टाकीचे माप: तीस बाय तीस. उद्देश: शेवाळ जाण्यासाठी. टाकी झाकलेली आहे काय: भोवती जाळीचे कुंपण आहे.

“ताई, हे बघा,” काका मला सहीला बोलावून म्हणाले. “टाकीला कुंपन. असा काळजीवाहू मानूस जिल्ह्यात न्हाई.”

मला वाटलं, झाकणाला शुद्ध मराठीत कुंपण लिहिलं असेल. मी ऐटीत सही केली. टेलरांनीही केली. आठ मेंबर इश्यू झाले.

अर्जातल्या एका कलमाप्रमाणे दर महिन्याला मेंबरचा फोटो पाठवायचा असे. हे कलम कुणीही पाळत नसे. दत्तूभाऊंनी पाळलं. एप्रिलमध्ये तळहातावर ठेवलेल्या गोगलगायीचा फोटो आला. काकांनी तो टेलरांना, मला आणि पोस्टमनला दाखवला. मेच्या एका रविवारी दुसरा फोटो आला. दाखल्यांचे दिवस होते म्हणून मी दुकान उघडून बसले होते. काका चर्चमधल्या सकाळच्या उपासनेहून परत आलेले, पांढरा शर्ट, चकाकते बूट. एकदम प्लायवूडवर दणके बसले.

“ताई, बाहेर या. विषय गंभीर हाय.”

फोटोत काळं प्लास्टिक होतं आणि त्यावर भडक गुलाबी दाण्यांचे घोस चिकटले होते, एक नाही, दहा-बारा. खाली दत्तूभाऊंनी लिहिलं होतं, ‘काका, मेंबरला डाळिंब आलं. चांगलं हाय ना?’

काकांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी रबरी हातमोजे घेतले, जुन्या वहाणा घेतल्या, बादली घेतली आणि म्हणाले, “स्कूटरवर बादली धरायला कोन तरी पायजे.” मी म्हटलं, माझी गिऱ्हाइकं? ते म्हणाले, “दाखले उद्या निघतील, अंडी उद्या फुटतील.” मी शटर ओढलं आणि पन्नाशीत पहिल्यांदा परक्या माणसाच्या स्कूटरवर, मांडीत बादली घेऊन, भर उन्हात सुप्याकडे निघाले.

एमआयडीसीतले ट्रक आमच्या अंगावरून जात होते, काका हॉर्न वाजवत होते आणि मागे न बघता ओरडून सांगत होते की होलसेलवाल्याने खोक्यात जात मिसळली. मला भीती वाटत होती आणि, खोटं कशाला बोलू, मजाही येत होती.

दत्तूभाऊ रस्त्यावर उभेच होते. त्यांनी आम्हाला डाळिंबाच्या बागेतून वर नेलं. जाळीचं कुंपण होतं. दत्तूभाऊंनी फाटक उघडलं आणि आत गावाच्या चौकाएवढं पाणी पसरलेलं होतं, काळ्या प्लास्टिकच्या अस्तरात, आरशासारखं स्वच्छ.

काका म्हणाले, “टाकी कुठंय?”

“ही काय.”

“हे शेततळं हाय.”

“व्हय.”

“तुमी तीस बाय तीस लिहिलं हुतं.”

“तीसच हाय की,” दत्तूभाऊ जरा दुखावून म्हणाले. “तीस मीटर बाय तीस मीटर. मोजा पायजे तर.”

काकांना तीस इंच वाटले होते. काचेच्या टाक्या विकणाऱ्याला दुसरं काय वाटणार? आणि शेतकऱ्याला तीस बाय तीस म्हटलं की शेततळ्याचं माप, त्यात सांगायचं काय? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. काकांनी पिशवीतून अर्ज काढला, ती ओळ वाचली, आणि कपाळावर हात मारला. “मी इचारलं न्हाई. माझी चूक. साधं इचारलं न्हाई मी.”

मी त्यांच्या खांद्यावरून तीच ओळ वाचली. काकांनी मला हाताने लिहून दिलेल्या कच्च्या कागदावर ‘टाकीचे माप, इंचात’ असं होतं. मला ते लख्ख आठवलं. ‘इंचात’ हा शब्द पुढच्या ओळीवर एकटाच जाऊन पडत होता, समास बिघडत होता. मी तो काढून टाकला होता. ओळ सुबक दिसावी म्हणून.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. म्हटलं, आधी अंडी काढू.

हातमोजे घालून आम्ही तिघांनी प्लास्टिकच्या काठावरून, पाइपावरून, दोरावरून गुलाबी घोस खरवडले आणि बादलीत चिरडले. एवढ्यात दत्तूभाऊंच्या आई ताक घेऊन आल्या. सत्तरीच्या, ताठ, आवाज खणखणीत. आम्ही काय करतोय ते बघून त्यांना राग आला.

“का वं मारता? लई गुनाच्या हायेत. पानी बघा कसं केलंय.”

काकांनी समजावायला तोंड उघडलं, पण आजींचं संपलं नव्हतं. “म्या तर आक्कीला बी दिल्या चार. तिच्या इहिरीत लई शेवाळ हाय.”

“आक्की कोन?” काकांनी विचारलं.

“माझी लेक. चार दिस म्हायेराला आल्ती. मगाशीच गेली. कडीच्या डब्यात पानी घालून दिल्या, इरजन दिल्यावानी. म्हणलं, चारच्या चाळीस हुतील, मंग जावांना बी दे.”

“आन तिचं सासर कुठं?”

“अकोल्याच्या वर. भंडारदऱ्याच्या अंगाला.”

“तिकडं काय पिकतं?” काकांनी विचारलं, पण त्यांना उत्तर माहीत होतं.

“भात,” आजी म्हणाल्या. “दुसरं काय पिकनार तिकडं?”

दत्तूभाऊंनी बहिणीला फोन लावला. फोन घरात, आजींच्या खाटेवर वाजला. आक्का तो चार्जिंगला विसरून गेली होती. दत्तूभाऊंची मोटरसायकल शेजाऱ्याने नेलेली. आक्का नगरच्या स्टँडवर उतरून अकोल्याची गाडी धरणार होती. खूण काय, तर हिरवी साडी आणि मांडीवर कडीचा डबा. काकांनी ताकाचा पेला तसाच खाली ठेवला.

परतीच्या वाटेवर काकांनी स्कूटर अशी हाणली की माझी रिकामी बादली केडगावच्या अलीकडे उडाली आणि आम्ही ती उचलायला थांबलो नाही. मला सारखं दिसत होतं: ती विहीर, ते खाचर, एवढाली रोपं, आणि या सगळ्याच्या मुळाशी माझा सुबक समास.

स्टँडवर अकोल्याची गाडी लागलेली होती, इंजिन चालू, कंडक्टर दार ओढत होता. काका वाहत्या पाण्यात उडी मारावी तसे आत शिरले. उपासनेचा पांढरा शर्ट, आता गुलाबी डागांचा, हातात रबरी हातमोजे. गाडीच्या मधोमध उभं राहून त्यांनी डेपोतला आवाज लावला.

“गोगलगायी कुनाकडं हायेत?”

एका म्हाताऱ्याने आपली पिशवी उघडून पाहिली. पाचव्या बाकावर हिरव्या साडीतल्या बाईने डबा पोटाशी घट्ट धरला.

“आईनं दिल्यात,” ती म्हणाली. “चोरून न्हाई आनल्या.”

काका तिच्यासमोर चक्क खाली बसले. आवाज एकदम मऊ झाला. “आक्का, तुमचं भाताचं रोप केवढं असतंय, लावताना?”

तिने बोटांनी दाखवलं.

“हिला तेवढंच आवडतं. कवळं. आज ह्या चार हायेत. पावसाळ्यात इहिरीतून खाचरात येतील, खाचरातून वड्याला, वड्यातून धरनाला. मंग तुमी काय, तुमच्या नातवाला बी आवरनार न्हाईत. आईची चूक न्हाई. माझी हाय. म्या दिल्या त्या.”

आक्काने डब्याचं झाकण उघडलं. एक गोगलगाय झाकणालाच चिकटून आली, पिवळीधमक, देखणी. आक्काने तिच्याकडे पाहिलं, मग काकांच्या हातमोज्यांकडे. “पर म्हायेराहून मोकळा डबा घिऊन जाऊ व्हय मी? सासू काय म्हनंल?”

कंडक्टर म्हणाला, “डबल बेल मारू का?”

“मारून तर बघा,” मी म्हणाले. हे मी कुठल्या अधिकाराने म्हणाले मला माहीत नाही, पण कंडक्टर थांबला.

काकांनी चारी गोगलगायी हातमोज्यात उलट्या करून घेतल्या, तोंड गाठ मारून बांधलं. डब्यातलं पाणी स्टँडच्या पायरीवर नव्हे, रणरणत्या डांबरावर ओतलं आणि ते सुकेपर्यंत उभे राहिले. नळावर डबा तीन वेळा धुतला. मग समोरच्या गाड्यावरून तो भेळभत्त्याने शिगोशीग भरून आणला आणि आक्काच्या मांडीवर ठेवला.

“कुनी दिला म्हनून सांगू?” आक्काने विचारलं.

काका जरा गडबडले. “भिंगारच्या भावानं म्हना.”

“भावाला नाव असंल ना?”

“शांतवन.”

“बरं,” आक्का म्हणाली, आणि गाडी सुटली. काका ती दिसेनाशी होईपर्यंत स्टँडवर उभे होते, हातात फुगलेला हातमोजा धरून.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी गोगलगायी विकणं बंद केलं. दुकानात होत्या त्या झाकणाच्या टाकीत ठेवल्या, शेवटपर्यंत पोसणार म्हणाले. होलसेलवाल्याला माझ्याकडून सव्वादोन पानी पत्र लिहून घेतलं. मत्स्य विभागातल्या एका मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, अस्तराचं तळं आहे म्हणून बरं, चिखलात दडायला जागा नाही, पण काही महिने नेमाने वेचायला लागतील आणि तोवर पाण्याचा थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. काकांनी तळ्याच्या पाइपाला बारीक जाळी बांधली आणि दत्तूभाऊंना दर रविवारी येणार असल्याचं कळवलं.

पुढच्या रविवारी मी न बोलावता त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. ते माझ्याकडे बघतच राहिले. “ताई, तुमी?”

“बादली कोण धरणार?” मी म्हटलं.

खरं सांगते, मी अपराधापोटी गेले होते. वाटेत सांगून टाकू, असं ठरवलं होतं. पण वाटेत काका इतके खुशीत होते, इकडचा तलाव दाखव, तिकडची जुनी छावणी दाखव, की मला तोंड उघडायला जागाच मिळाली नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी.

असे किती रविवार गेले. पपईची पानं दोराला बांधून आम्ही तळ्यात टाकायचो, तासाभराने ओढायचो, पानांना गोगलगायी लगडलेल्या असायच्या. बारक्या, वाटाण्याएवढ्यासुद्धा. काका मोजायचे. मारायची वेळ आली की मात्र ते पाठ फिरवायचे, आणि आजी उकळतं पाणी ओतायच्या. “मारनं काय मला गोड वाटतंय व्हय,” आजी म्हणायच्या, “पर माझ्या लेकीच्या भातावर उठनार हुत्या ना.” मग आम्ही सगळे झाडाखाली बसून भाकरी खायचो.

तिसऱ्या रविवारी स्कूटरच्या मागच्या सीटवर उशी बांधलेली होती. पाचव्या रविवारी काकांनी दोन डबे आणले. त्यांची बायको जाऊन अकरा वर्षं झालीत, मुलगी लांब, दर शुक्रवारी फोन करते. इतकी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक होतं आणि ठाऊक असल्यासारखं मी कधी वागले नव्हते. प्लायवूडपलीकडे ते माशांशी बोलायचे ते ऐकून मी प्रिंटर चालू करायचे, आवाज दबावा म्हणून.

आमच्या घरी यजमान म्हणाले, दर रविवारी कुठे जातेस? मी म्हटलं, गोगलगायी वेचायला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

ऑक्टोबर उजाडला. सलग आठ रविवार एकही गोगलगाय मिळाली नाही, एकही गुलाबी दाणा नाही. मॅडम स्वतः येऊन, ओढा आणि शेजारची दोन तळी बघून गेल्या. म्हणाल्या, वाचलात. त्या दिवशी काका तळ्याच्या काठावर टोपी काढून उभे राहिले आणि पुटपुटत प्रार्थना केली. आजींनी त्यांच्या शेजारी उभं राहून त्यांच्या पद्धतीने हात जोडले.

आता मला बोलायलाच हवं होतं. तोंडाने जमत नव्हतं, म्हणून मी जे मला जमतं ते केलं. टाइप केलं. ‘सप्रेम नमस्कार. अर्जातील माप या रकान्यातून इंचात हा शब्द माझ्याकडून वगळला गेला. आपण सर्वांसमोर चूक आपली म्हणालात, ती माझी होती. हे कळूनही मी गप्प राहिले आणि केवळ त्या अपराधापोटी आपल्यासोबत येत राहिले.’ प्रिंट काढली, सही केली, घडी घातली. मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी ती घडी हातात घेऊन उठणार, तोच काका आत आले. त्यांच्या हातात कोरा अर्ज होता.

“ताई, हा नवीन छापायचा. नगरमधल्या चार दुकानदारांना देतो, मासे आन पानवनस्पतींसाठी. गोगलगाय समदीकडून खोडली. आन एक दुरुस्ती हाय.”

अर्जावर लाल पेनाने ‘टाकीचे माप’पुढे त्यांनी लिहिलं होतं: इंचात.

मी विचारलं, “हे तुम्हाला कधी दिसलं?”

“तवाच. तळ्यावर. अर्ज काढून बघितला तवाच.” ते अगदी सहज बोलत होते. “माझ्या कच्च्या कागदावर हुतं. घरी जाऊन बघितलं बी. राहून जातंय यखादं.”

“मग बोलला का नाहीत?”

काका स्टुलावर बसले. थोडा वेळ त्यांनी त्या लाल अक्षरांवर बोट फिरवलं.

“बोललो असतो तर तुमाला वाईट वाटलं असतं. मंग पुढच्या रविवारी तुमी आल्या असत्या, पर त्या वाईट वाटन्यापायी आल्या असत्या.” ते हसले, जरा लाजल्यासारखे. “तसं न्हाई झालं. तुमी आपल्या आपन आल्या. मी बोलावलं नसताना. लई वर्सांत कोन असं आलं न्हाई, ताई. मला बरं वाटलं.”

माझ्या मुठीत ती घडी होती. इतक्या वर्षांत मी टाइप केलेल्या सगळ्या कागदांत तो एकच कागद मला फाडून टाकावासा वाटला. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्यात लिहिलेलं खरंही नव्हतं. पहिले दोन रविवार मी अपराधापोटी गेले असेन. त्यानंतर मी शनिवारी संध्याकाळीच भाकरीचं पीठ काढून ठेवायचे, आणि एखादा रविवार चुकला की आठवडाभर चिडचिड करायचे, ते कशापोटी होतं?

मला रडू आलं. मी ते टोनरच्या पावडरीवर ढकललं आणि अर्ज टाइप करायला घेतला. ‘इंचात’ दुसऱ्या ओळीवर एकटाच जाऊन पडला. मी तो तिथेच राहू दिला.

“छान,” काका म्हणाले आणि उठले.

“रविवारी किती वाजता निघायचं?” मी विचारलं.

काका दारात थांबले. “आता कशाला? मॅडम संपलं म्हनल्या ना.”

“म्हणू देत. आजींना मी कोथिंबिरीचं बी आणून देते म्हटलंय.”

त्यांनी जरा वेळ विचार केला. खरोखर विचार केला, डेपोत एखाद्या मागणीवर करत असतील तसा.

“साडेनऊ,” ते म्हणाले. “चर्चमधून डायरेक येतो.”